खोड केंद्राचं
ओल्या लाकडाचा वास आला की आमची घाटकोपरची चाळ आठवते. आमच्या छपरावर वाकलेला शिरीष भिंतीपलीकडच्या केंद्र सरकारच्या कॉलनीतला होता, आणि एका दुपारी त्याच्या बुंध्यातून करकर आवाज यायला लागला. बाबा अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे आई घराबाहेर पडायला तयार नव्हती. महापालिकेचा मुकादम माणसं आणि करवत घेऊन आला आणि भिंतीपाशीच थांबला. “फांद्या आमच्या, खोड केंद्राचं. आत शिरलो तर माझी नोकरी जाईल. परवानगी दिल्लीहून यायला पाहिजे.” मी म्हटलं, “अर्ज कधीच केलाय. झाड थांबणार आहे का तोवर?” पलीकडच्या गेटवरचा मालवणी वॉचमन सगळं ऐकत होता. त्याने गेटची किल्ली स्टुलावर ठेवली. “मी चाय पिऊक जातंय. माका काय दिसूक नाय.” मुकादमाने माझ्याकडे पाहिलं आणि माणसं आत घातली. दोर लावून झाड पलीकडे पाडलं, तेव्हा घरात आई बाबांवर ओणवी होऊन बसली होती. दिल्लीची परवानगी आजही आलेली नाही. वॉचमनला कामावरून काढल्याचं पत्र मात्र दोन दिवसांत आलं होतं.