सरांचा गाळ

नदीकाठची माती हातात आली की आमचे सर ती आधी दातांखाली घालायचे. सहलीला आलेली नवी मुलं तोंडं वाकडी करायची. सर डोळे मिटून सावकाश चघळायचे, बाजूला थुंकायचे आणि निकाल द्यायचे, "कचकचली म्हंजे पोयटा. लोण्यागत लागली तर चिकण. घ्या, चाखून बघा. डोकं हाय का खोकं? भाकरी खाताय ती ह्यातनंच आलीया की!"

असा तापट माणूस तुम्हीही कुठंतरी पाहिला असेल. आमच्या सरांचा राग मात्र कायम नदीच्या बाजूनं असायचा, एवढं ध्यानात ठेवा.

नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा ते विभागात मला पुष्कळ वरिष्ठ होते. मूळचे गारगोटीकडचे. वर्गात पुस्तकी मराठी बोलायचे आणि चिडले की गारगोटीची. म्हणजे दिवसातला बराच वेळ गारगोटीचीच.

त्यांचं सगळं संशोधन गाळावर. कुरुंदवाडजवळ पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा फुगली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं तुंबतं, आणि तुंबलेलं पाणी आपल्यातली माती खाली टाकतं. मोठ्या पुराचा असा एकेक थर काठच्या मळीत, म्हणजे पुराखाली जाणाऱ्या शेतजमिनीत, साचत जातो. कोणत्या पुरात कृष्णेनं किती अडवलं, पाणी किती रेंगाळलं, हे त्या थरांत वाचता येतं असं सरांचं म्हणणं. "नदी बोलत न्हाई मॅडम. सांगायचं ते खाली ठिवून जाती. वाचणारं कुणी पायजे." ते नीट वाचून झालं, की पुढचा पूर कोल्हापुरात कुठवर चढेल आणि किती रेंगाळेल याचा अंदाज बांधता येणार होता. त्यांना आयुष्यात एवढं एकच करायचं होतं.

दर उन्हाळ्यात आम्ही एसटीनं कुरुंदवाडला जायचो. टपावर प्लास्टिकचे जाड पाइप. कंडक्टर विचारायचा, "काय पावणं, बोअर मारायला का?" सर म्हणायचे, "व्हय, तुमच्या डोक्यात." मळीत पाइप उभा करायचा, वर लाकडाचा ठोकळा ठेवायचा आणि घणानं ठोकत खाली घालायचा. पाइप धरायचं काम माझं. घण चुकला असता तर माझे हात गेले असते, पण सरांचा घण कधी चुकला नाही. पाइप उपसला की आत मातीचा जसाच्या तसा दांडा. कॉलेजात आणून तो उभा चिरला की थर दिसायचे, राखाडी, पिवळट, काळपट, मधेच वाळूची केसाएवढी रेघ. त्या रेघेवरून सरांचं बोट फिरायचं ते तान्ह्या पोराच्या टाळूवरून फिरवावं तसं.

एकदा गावातल्या एका क्लबात त्यांचं व्याख्यान झालं. नंतर एका प्रतिष्ठित गृहस्थांनी विचारलं, "सर, हा गाळ उपसून टाकला की पुराची कटकट मिटेल ना?" सर म्हणाले, "तुमच्या अंगातलं रगात उपसलं की तापाची कटकट मिटंल. उपसू?" सरांसाठी आणलेला पुष्पगुच्छ टेबलावरच राहिला.

चिरलेले पाइप प्रयोगशाळेमागच्या खोलीत रॅकवर असायचे. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले, प्रत्येकावर रंगानं जागा आणि वर्ष लिहिलेलं. थरांची वयं काढायची सोय आमच्याकडे नव्हती. सरांनी बाहेरच्या प्रयोगशाळांचे उंबरे झिजवले, नकार घेतले, चिडले, पुन्हा गेले. दोन हजार साल उलटल्यावर एका संस्थेनं होकार दिला. सुट्टीनंतर नमुने पाठवा म्हणाले. त्या दिवशी सरांनी सगळ्या विभागाला मिसळ खिलवली आणि दिवसभर कुणावर ओरडले नाहीत. आम्हाला काळजीच वाटली.

मग ते पुतणीच्या लग्नाला गारगोटीला गेले. पावसाळ्यात कॉलेजात मूल्यांकन समिती येणार होती, म्हणून सुट्टीत एक सुशोभन समिती नेमली गेली. जूनमध्ये आम्ही आलो तर खोलीला नवा रंग आणि आत संगणकांची टेबलं. रॅक नाहीत, पाइप नाहीत. वनस्पतिशास्त्राचे एक सहकारी हसत सामोरे आले. सरांचा हात हातात घेऊन म्हणाले, "सर, तुमच्या खोलीतला पोयटा एक नंबर! गुलाबांना असला विकत मिळत नाही. बघा, कळ्या धरल्यात."

तो माणूस आभार मानत होता, हे लक्षात घ्या. विज्ञानाचा प्राध्यापक. त्यानं चिरलेले पाइप पाहिले, वरची नावं-वर्षं वाचली, आणि त्याला कुंड्या आठवल्या! रिकाम्या पाइपांची गेटजवळ पन्हळ करून टाकली होती. रंगातली वर्षं अजून दिसत होती.

सर ओरडले. रस्त्यावरचे रिक्षावाले गेटाशी येऊन उभे राहिले, असे ओरडले. प्राचार्यांनी त्यांना केबिनमध्ये नेऊन पाणी दिलं आणि म्हणाले, "सर, माती ती माती. परत आणू की. नदी काय कुठं पळून चाललीय?"

हे वाक्य आठवलं की आजही हातातली वस्तू फेकावीशी वाटते. एखाद्याचं हस्तलिखित जाळलं असतं तर निषेधाची सभा झाली असती. ही माती होती, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. समिती आली, बागेचं कौतुक करून गेली. वनस्पतिशास्त्राला शाल मिळाली. बैठकीत मी म्हणाले, शाल द्यायची तर नदीला द्या, माती तिची आहे. तेव्हापासून मी फटकळ ठरले. ठरवोत बापडे.

पुढच्या उन्हाळ्यात सर म्हणाले, "चला मॅडम. पुन्यांदा ठोकू." संस्थाही थांबायला तयार होती. आम्ही कुरुंदवाडला उतरलो, मळीकडे गेलो, आणि मळी नव्हती. तिथं पुरुषभर खोल खड्डा होता, तळाला मुरूम उघडा पडलेला. शेजारी वीटभट्टी धुमसत होती. मालकानं जमीन भट्टीला दिली होती. सगळा पोयटा सोलून त्याच्या विटा पाडल्या होत्या. पलीकडच्या मळ्यांचंही तेच. सरांच्या कामाला लागणारे थर आता जमिनीत नव्हते आणि आमच्या खोलीतही नव्हते.

आता भडका उडणार म्हणून मी थांबले. मला तो हवाच होता. तेवढ्यात भट्टीचा मुकादम पुढं आला.

"या पावणं. वीट बघायला आलायसा? घर बांधताय व्हय?"

"व्हय," सर म्हणाले.

"किती खोल्या?"

"एकच. ल्हान."

"मग च्या घ्या की आधी."

सरांनी विटांच्या थप्पीवर बसून चहा घेतला. वीट चांगली निघालीय म्हणाले. आणलेले पाइप मुकादमाला देऊन टाकले, पाण्याला उपयोगी पडतील म्हणून. परतीच्या गाडीत मी रडले, आणि ते रडणं निव्वळ संतापाचं होतं. सर म्हणाले, "असू द्या मॅडम. बसायला जागा तरी मिळाली."

त्यानंतर ते कुणावर ओरडले नाहीत. तास घ्यायचे, तेही पुस्तकी मराठीत. मुलं उशिरा आली तरी "या, बसा." काही वर्षांनी मोठा पूर आला. पाणी कुठवर चढणार आणि कधी उतरणार, हे सगळं गाव एकमेकांना विचारत होतं. एका वार्ताहरानं सरांनाही विचारलं. "सांगता येणार नाही," सर म्हणाले.

निवृत्तीनंतर ते फार जगले नाहीत. कॉलेजात शोकसभा झाली. त्यांना शेवटची थोडी वर्षंच पाहिलेली नवी मंडळी एकामागून एक बोलली. किती शांत माणूस, आवाज म्हणून कधी चढला नाही. तेच प्राचार्य अजून खुर्चीत होते. त्यांनी समारोप केला, "सर अत्यंत मृदू स्वभावाचे होते."

मी उठून उभी राहिले. "सर मृदू नव्हते," मी म्हणाले. "तुम्ही त्यांना गप्प केलंत."

प्राचार्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि दोन मिनिटं स्तब्ध उभं राहण्याची विनंती केली. खुर्च्या सरकल्या, सगळे उठले. मी उभीच होते.