दार असलेला डच डोंगर

ये गं, आज या लग्नाच्या गर्दीत सापडलीच आहेस तर अशी माझ्याजवळ सरक आणि मुकाट्यानं ऐकून घे. रायस्वाइकहून नायमेखनला यायला दोन तास लागतात, आणि भाचीबाईंना वर्षभरात सवड नाही! वर फोनवर विचारतेस, "मावशी, तुमच्याकडे बघण्यासारखं आहे तरी काय?" डोंगर आहे, डोंगर! या सपाट देशात तो आमच्या वाट्याला आलाय, आणि इथली माणसं त्याच्याबद्दल बोलताना आवाजसुद्धा खाली आणतात.

झालं काय, माझ्या नातीला शाळेत वर्गापुढे बोलायचं होतं. विषय, आपला डोंगर. मागच्या वेळी ती अडखळली आणि पोरं हसली. तेव्हापासून वर्गापुढे उभं राहायचं म्हटलं की ती शाळेतच जायला नको म्हणते. लेक-जावई कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत, दिवसभर मीटिंगा. मी म्हटलं, "डोंगर मी करून देते. माझं बालपण साताऱ्यात किल्ल्याच्या पायथ्याशी गेलंय. मला कुणी डोंगर शिकवू नये."

दिवाळीत अंगणात किल्ले केलेले हात हे! कुंडीतली माती, चार विटा, गोणपाटाऐवजी सुपरमार्केटची कापडी पिशवी. ताशीव कडा केला, बुरूज केला, दरवाजा बसवला, वर मोहरीही पेरली. नात शाळेतून आली, बघितलं आणि रडायलाच लागली. माझं मराठी सगळं कळतं तिला, पण उत्तर डचमध्ये.

"आजी, आपला डोंगर असा नाहीये. परत हसतील सगळे."

"डोंगर म्हटल्यावर कडा नको?"

"तू गेलीयेस का तिथं कधी?"

सहा वर्षं झाली इथं येऊन, पण बसच्या खिडकीतून बघून नाक मुरडलं, तेवढीच माझी डोंगरयात्रा.

बुधवारी शाळा लवकर सुटते, तेव्हा दोघी गेलो. काय तो थाट लोकांचा! दोन हातांत दोन काठ्या, पायात जाड बूट, पाठीवर पाण्याची पिशवी. मी पंजाबी ड्रेसवर. बरंच चालल्यावर एका आजोबांना विचारलं, "शिखर कुठं आलं हो?"

"बाई, तुम्ही शिखरावरच उभ्या आहात," ते छाती काढून म्हणाले.

एवढ्या चढाला आमच्याकडे रस्ता म्हणतात. मी हसले असते, पण मला धाप लागली होती. गुडघा तर कधीचा बोंबलत होता. बाक दिसला, बसले.

नातीनं तिथली पाटी वाचून दाखवली. फार पूर्वी उत्तरेकडून बर्फ सरकत आला, त्यानं समोरची वाळू आणि गोटे ढकलत ढकलत ढीग केला आणि मग वितळून गेला. मी मूठभर माती उचलून पाहिली. खरंच, वाळू आणि गोटेच. मी खडक खडक म्हणून कडा रचला, आणि हा तर लोटून ठेवलेला ढीग!

घरी येऊन मुकाट्यानं कडा मोडला. परातीत ओली वाळू पसरली. इडलीच्या पिठाच्या डब्यात पाणी गोठवून लादी केली आणि म्हटलं, "ढकल." तिनं ढकलली, तशी वाळू सुरकुतत वर आली, हुबेहूब तसाच गोल, बुटका डोंगर. पोरगी टाळ्या पिटायला लागली. मला मात्र तो दरवाजा काही टाकवेना. दिला टोकावर खोचून.

शाळेच्या दिवशी मी सकाळपासून खिडकीत. ती आली ती धावतच.

"आजी, कुणी हसलं नाही! बर्फ ढकलताना सगळे उठून जवळ आले. मग एकानं विचारलं, डोंगराला दार कशाला?"

"मग गं?"

"मी म्हटलं, माझ्या आजीच्या डोंगरांना दार असतं. तेव्हा हसले. पण मीही हसले."

परात अजून बाल्कनीत आहे, दारासकट. तेव्हा आता कारणं सांगू नकोस, येत्या शनिवारी ये. तुला शिखरावर नेते. मी सोबत नसले तर तुला ते सापडायचंही नाही.