मुरत ठेवलेले अर्ज

पडून राहिलेला कागद मला बघवत नाही. भूकंपात आमचं औशाकडचं घर पडलं तेव्हा मी शाळकरी होते. त्यानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. नव्या घरासाठी वडील कचेरीत खेटे घालायचे आणि परत आले की एकच वाक्य बोलायचे, "फाइल वर गेलीय." वर म्हणजे कुठं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. उन्हाळ्यात पत्रा तापला की आई आम्हाला लिंबाखाली हाकलायची, आणि मी तिथं बसून त्या न दिसणाऱ्या फाइलीवर दातओठ खायची. तेव्हा लागलेली चुळबूळ अजून गेलेली नाही.

पुढं लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले. त्यातल्याच एका ठिकाणी मी प्रवेशाचं काम बघू लागले. नांदेड, उदगीर, धर्माबाद, कुठून कुठून मुलं डॉक्टर व्हायला यायची. अर्ज आला की पुढच्या टेबलावर गेलाच पाहिजे, हा माझा खाक्या. क्लास चालवणारे सर मला तोंडावर 'घाईबाई' म्हणायचे. अपवाद एकच. प्रवेश रद्द करा म्हणून एखाद्या मुलाचा अर्ज आला, की तो मी मुद्दाम मुरत ठेवायची. टेस्टचे मार्क लागले की असे अर्ज हमखास यायचे, आणि पुढच्या टेस्टपर्यंत बरीच मुलं खाली मान घालून परत यायची. "मॅडम, तो फाडून टाका ना." मी आधी चार शब्द सुनवायची, मग फाडायची.

मग सॉफ्टवेअर आलं आणि अर्ज मोबाइलवर भरले जाऊ लागले. तरी ते माझ्या पडद्यावर येऊन थांबायचे, मी पुढं सरकवल्याशिवाय हलायचे नाहीत. एके दिवशी त्याची नवी आवृत्ती आली. पुण्याहून आलेला माणूस उत्साहानं सांगत होता, की आता अर्ज कुणाच्याच टेबलावर अडणार नाही. उशीर झाला तर थेट सरांना मेसेज. रद्द करायचा अर्ज थेट पालकांच्या मोबाइलवर, आणि चोवीस तासांत त्यांनी नकार दिला नाही तर होकार धरून ती जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला.

"मधला माणूसच काढून टाकलाय," तो म्हणाला.

तो मधला माणूस म्हणजे मी.

"घाईबाई, आता तरी खूश ना?" सरांनी चिडवलं. खरं सांगायचं तर होते. फाइल कुठं आहे ते दिसतं, याहून मोठं सुख कुठलं? पण काहीतरी खटकत होतं आणि त्याचं कारण काही सापडत नव्हतं.

ते एका दुपारी भोकरहून एसटीनं आलं. पांढरा सदरा-पायजमा, हातात वायरची पिशवी, नांदेडला गाडी बदलून घामाघूम झालेले एका मुलीचे वडील माझ्यासमोर उभे राहिले. मोबाइल त्यांनी दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला.

"काल ह्यो मेसेज आलाय हो. सांजच्याला दुकानवाल्यानं वाचून दाखवला. पहिल्या गाडीनं निघालो. पोरीचं नाव कापू नका, मॅडम. तिला शिकवायचंच हाय."

"अहो काका, मग त्यातच नकार द्यायचा. नाहीतर फोन तरी करायचा!"

त्यांनी मोबाइल पिशवीत टाकला. "असली गोष्ट फोनवर बोलतेत व्हय? पोरीच्या जन्माचं हाय. समक्षच सांगावं लागतं."

त्यांचं काय चुकलं? लग्नाची बोलणी असोत की बांधाचा तंटा, आमच्याकडं उत्तर द्यायला माणूस स्वतः जातो. फोनवर कळवणं म्हणजे टाळणं. मी पडद्यावर बघितलं. त्यांची गाडी अहमदपूरच्या आसपास असेल तेव्हाच मुदत संपली होती. होकार धरला गेला होता, आणि जागा उदगीरच्या एका मुलीला मिळालीसुद्धा होती.

मुलीला वर्गातून बोलावलं. वडिलांना बघून तिला रडूच फुटलं. "मार्क गेले म्हणून रागात दाबलं होतं, पप्पा. मला जायचं न्हाई. मी लई अभ्यास करून राहिले आता."

म्हणजे मुलीला राहायचं होतं, बापाला तिला ठेवायचं होतं, आणि मलाही. मी तरातरा सरांकडं गेले आणि म्हटलं, हे फिरवा. सरांचीही ना नव्हती. त्यांनी माझ्या खुर्चीत बसून एकूण एक बटण दाबून बघितलं. मागं जायला वाटच ठेवलेली नव्हती, आणि भरलेल्या बॅचमध्ये सॉफ्टवेअर जादा नाव घेत नव्हतं. शेवटी कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला, सूचना चांगली आहे, पुढच्या अपडेटमध्ये नक्की घेऊ.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. सरांनी मात्र घसा खाकरला आणि तेच वडिलांना सांगितलं, "काका, पुढच्या अपडेटमध्ये होईल."

वडिलांनी मान डोलावली. पिशवीतला टॉवेल काढून मुलीचे डोळे पुसले, तिला शेजारी घेतलं आणि बाकावर मांडी घालून बसले.

"बरं," ते म्हणाले. "बसतो की मी. कधी येतंय ते?"