पाहायचे पक्षी

रेवणसिद्ध गुरुजी निवृत्त झाले त्याला दोन वर्षं झाली होती आणि उदगीरकडे पावसानं पाठ फिरवली त्याला तीन. आपला लातूर जिल्हा उस्मानाबादेतून फुटून नवा झाला खरा, पण नव्या जिल्ह्यालाही पाणी टँकरचंच. गुरुजींना आता कशाचं काही वाटेनासं झालं होतं.

बायकोला, उमादेवींना, पशुपतिनाथाचं दर्शन घ्यायचं होतं. म्हणून दोघांनी नेपाळच्या सहलीत नाव घातलं. जन्मात पहिल्यांदा परदेश! गुरुजी फॉर्म भरायला बसले. जिल्ह्यापुढे सवयीनं उस्मानाबाद लिहिलं, खोडलं, लातूर लिहिलं. खाली विचारलं होतं, सहलीत एक तळंही आहे, तिथं कोणते पक्षी पाहायला आवडतील? तीस वर्षं गळ्यात दुर्बीण अडकवून हिंडलेला माणूस तो. हात आपोआप चालला : चमच्या, करकोचा, शराटी, चक्रवाक.

उमादेवींनी पिठाचे हात पुसले आणि यादी वाचली.

"अवो, चमच्या म्हंजे पळीसारख्या चोचीचा नव्हं? माझ्या धुण्यापाशी फिरायचा की."

"हाव."

"आन् हे बाकीचे? समदे आपल्याच तळ्यावरचे हायत की!"

"हाव."

दारासमोरच्या तळ्यातून एक जीप धुरळा उडवत गेली. भेगाळलेल्या तळातून आता देगलूरची जवळची वाट पडली होती. गुरुजींनी फॉर्म पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं.

उमादेवी पुन्हा भाकरी थापायला बसल्या. थोड्या वेळानं आतूनच म्हणाल्या, "तिथं ती पाखरं वळखतील का वो आपल्याला?"