बुजवलेली चीर

२०२४ साल. माझं वय एकोणसत्तर. दोहात सूक वाकिफ बाजाराच्या मागच्या गल्लीत एका शिंप्याच्या दुकानात, खिडकीपाशी माझी खुर्ची आहे. तिथं बसून मी अडतीस वर्षं रफू करतोय. शिवणारे पुष्कळ आहेत, रफू करणारा मी एकटा. शाळा चौथीपर्यंतच झाली. पण अरबांचे झगे असोत की वेस्ट बेमधल्या साहेबांचे कोट, मी गिऱ्हाइकाला म्हणतो, फाटलं होतं कुठं ते बोट ठेवून दाखवा. आजवर कुणाचं बोट बरोबर जागी पडलं नव्हतं. बढाई म्हणा हवं तर. पुढचं सगळं त्या बढाईपायीच झालं.

एक मुलगी सदरा घेऊन आली. नाशिककडची, लुसैलला चित्रं-बित्रं मांडतात त्या हॉलमध्ये नोकरीला. सदरा बाईचा, निळा, सुती, धुऊन धुऊन पांढुरका पडलेला. खांद्यापासून छातीपर्यंत वीतभर फाटलेला.

"काका, हा टांगायचाय. खांद्याला आतून पट्टी लावा, म्हणजे वजन पेलेल. बाकी कशाला हात लावू नका, प्लीज."

"आणि ही चीर?"

"ती तशीच ठेवायची."

"फाटकं टांगणार? लोक हसतील."

"आर्ट आहे ते, काका. चीनच्या एक बाई आहेत, त्या बायकांचे कपडे..."

"तुमच्या आर्टला सुईदोरा परवडत नाही काय?"

ती हसली. पुढं काही सांगणार होती, पण मी चष्मा लावून खाली बघायला लागलो. मला कामाच्या वेळी कुणी शिकवलेलं खपत नाही. "उद्या दुपारी न्यायला येते," म्हणाली आणि गेली.

पट्टी अर्ध्या तासात लागली. चीर मात्र डोळ्यापुढून हलेना. माझ्या हातून फाटकं कापड फाटकं म्हणून बाहेर जाणार, आणि वर लोक ते बघायला येणार! म्हटलं, पोरीला काय कळतंय. सदऱ्याच्या खालच्या दुमडीतून त्याच कापडाचे धागे ओढून काढले. चिरेच्या कडांना दशा सुटल्या होत्या, त्या कात्रीनं साफ केल्या. मग एक धागा वर, एक खाली, वीण धरून भरत गेलो. तो दिवस आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ गेली त्यात. इस्त्री फिरवली. खिडकीत उजेडाला धरला, तर मलाच सापडेना.

मुलगी आली तेव्हा मी तो घडी घालून कागदात बांधून ठेवला होता. "मी येतो बरोबर," म्हटलं, "पट्टी नीट बसते का बघतो." खरं म्हणजे मला त्या चिनी बाईचं तोंड बघायचं होतं. अडतीस वर्षांत माझं काम कुणी टांगलं नव्हतं.

हॉल अंधारा होता. बायकांचे कपडे भिंतीपासून दूर टांगलेले, प्रत्येकामागे एक दिवा. जिथं कापड फाटलेलं, तिथून उजेड निघून समोरच्या भिंतीवर पडत होता. कुठं लांब रेघ, कुठं फाटक्या बाहीचं भोक. भिंतच ओरबाडल्यासारखी दिसत होती. एका दिव्यापुढं जागा रिकामी होती.

ती बाई पन्नाशीची असेल, केस बारीक कापलेले, हातात पक्कड. तिनं स्वतःच सदरा टांगला आणि मागं सरून भिंतीकडं बघितलं. भिंतीवर काहीच पडलं नाही. तिनं दिवा हलवून बघितला. मग ती सदऱ्याजवळ आली आणि बोट ठेवलं. बोट बरोबर जागी पडलं. खांद्यापासून छातीपर्यंत तिनं ते नेमकं त्या रेघेवरून फिरवलं. तिला ती पाठ होती.

मुलगी पांढरी पडली. "काका, काय केलंत हो तुम्ही?"

बाई इंग्रजीत बोलायला लागली, मुलगी मला मराठीत सांगत गेली. सदरा तिच्या थोरल्या बहिणीचा. बहीण कपड्यांच्या कारखान्यात शिवायला होती. नवऱ्यानं मारताना तो फाडला. तोच अंगावर घालून ती चौकीत गेली, गावातल्या मोठ्या माणसांकडं गेली. सगळे म्हणाले, घरी जा आणि शिवून टाक. पाच मिनिटांचं काम होतं तिला, पण तिनं शिवला नाही. मरेपर्यंत पेटीत तसाच ठेवला. तिच्या बाजूनं बोलणारं तेवढंच एक उरलं होतं.

मी म्हटलं, "तिला सांग, मी आत्ता उसवून देतो. माझीच वीण आहे, दहा मिनिटं."

मुलीनं सांगितलं. बाईनं सदरा उतरवून छातीशी धरला.

"त्या म्हणतात, आता फाडलंत तर ती तुमची चीर होईल. त्याची नाही."

खरं होतं. कडा तर मी कापूनच टाकल्या होत्या. त्या दशा दुकानाच्या केराबरोबर गेल्या होत्या.

भिंतीशी एक शिडी होती, तिच्या पायरीवर बसलो. माझी मुलगी लग्नानंतर दुसऱ्या वर्षी माहेरी आली होती, कुडत्याची बाही मुंढ्यातून निघालेली. मी तेव्हा रजेवर गावी होतो. तिनं आईला काय सांगितलं ते मी विचारलं नाही. मी सुई काढली. ती म्हणाली, "बाबा, राहू द्या ना तसंच." मी म्हटलं, असं घालून जाशील काय सासरी? आणि बाही बेमालूम जोडून, तिला तेच कुडतं घालून एस्टीत बसवलं. सासूलासुद्धा कळलं नाही म्हणून मी इथं येऊन लोकांना सांगायचो. मुलगी अजून तिथंच आहे. आई आता इथं दोहात माझ्याजवळ असते; फोन तिच्याशीच करते, मी घरी नसताना.

बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. नाशिककडची मुलगी सांगत होती, सदरा त्या टांगणारच आहेत, असाच, न फाटलेला. भिंतीवरची त्याची जागा काळीच राहणार होती.

"खाली पाटी लावायचीय," मुलगी हळू म्हणाली. "त्या म्हणतात, फाडणाऱ्याचं नाव त्यांच्याकडं आहे. शिवणाऱ्याचं पण पाहिजे."

"माझं नाव कशाला? मी चोरी केली काय? एवढं बारीक काम सगळ्या कतारमध्ये कोण करतं, विचार तिला!"

"काका..."

"खलास. नाव मिळायचं नाही." पाय आपटत मी बाहेर पडलो.

घरी बायको जेवायला बोलवत होती. माझ्या मुलीला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. कुठल्या तोंडानं बोलणार, आणि आता बोलून तिच्या हातात काय पडणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेलो नाही. वहीचा कागद फाडून त्यावर माझं पूर्ण नाव, बापाचं नाव आणि गाव मराठीत लिहिलं. अक्षर चौथीतल्यासारखंच आलं. मेट्रोनं लुसैलला गेलो. हॉल अजून उघडायचा होता, म्हणून दारातल्या पहारेकऱ्याच्या हातात कागद दिला, चिनी बाईला दे म्हणून सांगितलं, आणि आत न जाता परत फिरलो.