पहिला खड्डा मापाचा

खड्डे मारणं हा माझा धंदा. कुणाच्या शेतात रोही, म्हणजे नीलगायी, शिरायला लागले आणि कुंपण घालायचं झालं, कुणाला संत्र्याची रोपं लावायची असली की मला फोन येतो, आणि मी आमच्या मानोरा गावाहून मशीन घेऊन निघतो. मशीन म्हणजे पेट्रोलवरचं ऑगर. वर इंजिन, खाली पिळाचं पातं, दोन्ही बाजूंना मुठी. त्या मुठी धरून धरून माझ्या मनगटांचा खुळखुळा झाला आहे. स्वभावाचाही झाला आहे, असं बायको म्हणते. मला एका जागी बसवत नाही हे खरं आहे.

तेव्हा लेकीनं मला खड्ड्याच्या मशीनबद्दल विचारलं, यात नवल नव्हतं. नवल होतं ते खड्डा कशात मारायचा याचं.

लेक कॅनडात असते. धान्य साठवणाऱ्या एका कंपनीत नोकरी करते. आमची सकाळ म्हणजे तिची आदल्या दिवसाची संध्याकाळ, म्हणून तिचा व्हिडिओ कॉल चहाच्या वेळी येतो. दिवाळी होऊन पंधराएक दिवस झाले असतील. नेहमीची ख्यालीखुशाली झाली आणि ती म्हणाली, "बाबा, मले एक बॅटरीवालं ऑगर घ्याचं हाय. कोनतं घेऊ?"

"तुले कायले? कुंपन घालून राह्यली का तिथी?"

"नाई. तळ्यावर बर्फ जमते ना, त्याले भोक पाडाचं. मंग गळ टाकून बसाचं, मासे धराले."

मी पहिला प्रश्न धंद्याचा विचारला. "अन् मंधात दगड लागला तं?"

ती इतकी हसली की फोन हलायला लागला. "बाबा, पान्यात दगड कुठून येईन?"

मीही हसलो. पण हसता हसता थांबलो. पाण्यात. म्हणजे ही पोरगी पाण्यावर उभी राहणार, आणि वरून त्याच पाण्याला भोक पाडणार. तिला पोहता येत नाही. अडाण धरणावर सहलीला गेलो तेव्हा ती दहावीत होती, तरी मी तिचा दंड सोडला नव्हता.

तिनं सगळं सांगितलं. ऑफिसात तिच्या शेजारी एक बाई बसते, साधारण आमच्याच वयाची, लहानपणापासून बर्फावर जाणारी. तिचं हातानं फिरवायचं ऑगर जुनं झालं, पाती गेली, आणि त्या जातीची पाती आता मिळत नाहीत. तिनं लेकीला सोबत बोलावलं होतं, आणि लेक फुशारकीनं म्हणून बसली होती की मशीन मी आणते, माझे बाबा त्यातलेच आहेत.

दोन हिवाळे या पोरीनं खोलीत काढले होते. शनिवार-रविवारी आमच्याशिवाय ती कुणाशी बोलत नाही, हे तिनं कधी सांगितलं नाही, पण तिच्या आईला कळत होतं. आता कुणीतरी तिला बोलावलं होतं. बापानं खूश व्हायला हवं होतं. मी झालो नाही. मी घाबरलो, आणि घाबरलेला माणूस शहाणपणा शिकवायला लागतो.

दुसऱ्या दिवशी तिनं चार मशिनींचे फोटो पाठवले. मी चष्मा लावून पाहिले, आणि खरं सांगतो, दहा मिनिटांत मला कळलं कोणती घ्यायची. बर्फ मऊ. त्याला आपल्या मुरमासारखी ताकद लागत नाही. बॅटरीचं ड्रिल घ्यायचं, पण बाजूला आडवी मूठ असलेलं, कारण पातं अडकलं की मशीन उलटी फिरते आणि मनगट पिरगाळते. माझं उजवं मनगट तसंच गेलं होतं. दगड फोडायचा ठोका बंद ठेवायचा. पातं सहा इंची, हलकं. वर एक चकती हवी, म्हणजे हात सुटला तरी मशीन भोकातून खाली जायची नाही. बॅटऱ्या दोन, आणि त्या कोटाच्या आत अंगाशी ठेवायच्या, कारण थंडीत बॅटरी लवकर बसते. चारांतली तिसरी मशीन नेमकी अशीच होती.

मी तिला सांगितलं, "पाह्यतो. घाई नोको करू."

मग माझा खेळ सुरू झाला. सोमवारी मी बॅटरीवर शंका काढली. बुधवारी मुठीवर. मग पातं सहा इंची की आठ इंची यावर आठवडा घालवला. मासा मोठा लागला तर भोकातून निघायचा कसा, असं मी तिला गंभीरपणे विचारलं. आठ इंची म्हटलं की मीच म्हणायचो, मग बॅटरी पुरणार नाही. पेट्रोलचं पाहा म्हणालो. पेट्रोलचे फोटो आले तर म्हणालो, धूर होतो, जड होतं, तुझ्यानं उचलणार नाही. माझा हिशेब सरळ होता. मशीन नाही तर बर्फ नाही. असे चार महिने ढकलले की तळं आपोआप वितळतं. मग पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.

पण ढकलता ढकलता माझीच झोप उडाली. पहाटे उठून अंगणात फेऱ्या मारायच्या. फोनवर तिकडचं हवामान पाहायचं. उणे चार आलं की बरं वाटायचं, कारण बर्फ पातळ. उणे वीस आलं की वाटायचं, आता घट्ट झालं असेल, आता ती जाणारच. कुठूनही सुटका नव्हती.

एकदा फोन झाल्यावर बायकोनं माझ्या हातातला कप काढून घेतला. चहा केव्हाचा संपला होता आणि मी रिकामा कप तोंडाला लावत होतो. "एक इचारू का?" ती म्हणाली. "तुमी मशीन निवडून राह्यले का पोरीले अडवून राह्यले?"

"तुले त्यातलं काय समजते?"

"मशीनीतलं नाई समजत. तुमच्यातलं समजते."

मी चपला घालून बाहेर पडलो.

त्याच शनिवारी रिठद गावात काम होतं. शेताला चहूबाजूंनी सिमेंटचे खांब लावायचे होते. शेतमालकानं चुन्यानं खुणा करून ठेवल्या होत्या आणि त्याला घाई होती. मी मशीन खुणेवर न लावता कोपऱ्यात, धुऱ्याच्या बांधाला लागून लावली.

"अथी काहून मारून राह्यले, भाऊ?" तो म्हणाला. "अथी तं खांबच नाई."

"पयला खड्डा मापाचा," मी म्हणालो. "माती किती अन् मुरूम कुठून, ते कळल्याबिगर पुढं नाई जात मी."

हा माझा नेमच आहे. पहिल्या खड्ड्यात खांब बसत नाही. त्यात काठी घालायची, ओल पाहायची, मातीची खोली बोटानं खूण करून घ्यायची. काळ्या मातीत तर त्याआधी पाऊल टाकतानाही सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, मारून पाहायची. वरून कोरडी दिसते आणि आत पाय मांडीपर्यंत जातो. लेक शाळेत असताना सुट्टीत डबा घेऊन शेतावर यायची, तेव्हा तिलाही हे ऐकवून ऐकवून पाठ झालं होतं. शेतमालकाला हे सगळं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तोंडानं सांगत होतो आणि डोक्यात फक्त सकाळी फोनवर पाहिलेलं तिकडचं उणे अकरा होतं.

रविवारी सकाळी फोन आला. लेकीचा चेहरा लालभडक, नाक सोललेलं. मी विचारायच्या आधीच ती बोलली.

"बाबा, आमी गेलतो आज."

"कुठी?"

"तळ्यावर."

बायको पोळपाट सोडून माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"मशीन नसतानी?" मी म्हणालो.

"तुमचं पक्कं होऊन नाई राह्यलं ना. ती बाई म्हने, आज नुसतं पाहून येऊ. तिच्याजवळ सब्बल होती. आपल्यासारखीच, लांब, टोकाले धार. मीच घेतली हातात. एकेक पाऊल, अन् पुढं दोन ठोके. तुमी काळ्या मातीत मारता तसे. तीस-चाळीस पावलं गेलो अन् दुसऱ्या ठोक्याले सब्बल आत गेली. पानी वर आलं."

"मंग?"

"मंग काय. पाय न उचलता घसटत वापस आलो."

ती हे हसत सांगत होती. मी तिथंच जमिनीवर बसलो.

"सब्बल नुसतं हो का नाई सांगते," ती म्हणाली. "बर्फ किती जाड हाय ते नाई सांगत. त्याले भोक पाडा लागते, अन् काठी घालून मोजा लागते. ती बाई मशीन त्याच्यासाठीच मांगत होती. काठाजवळ पयलं भोक, मंग दहा पावलांवर दुसरं. मासे तं मंग." ती थांबली. "पयला खड्डा मापाचा. तुमीच सांगत होते ना."

मला वाटलं होतं, मशीन तिला पाण्यावर नेईल. कुठं थांबायचं हे सांगणारी तीच एक होती, आणि मी तीच तिच्या हातातून काढून घेतली होती. आयुष्यभर परक्यांच्या शेतात मी पहिला खड्डा मारत आलो आणि पोटच्या पोरीला मापाशिवाय पाठवलं. मला स्वतःची इतकी लाज यापूर्वी कधी वाटली नव्हती.

"तिसरी," मी म्हणालो. "पयल्यांदा पाठवलेल्यातली तिसरी. सहा इंची पातं, आडवी मूठ, चकती. दोन बॅटऱ्या."

"माहीत हाय."

"काय माहीत हाय?"

"तेच घ्याचं ते. त्याच दिवशी निवडून ठेवलं म्या. फक्त बटन दाबाचं राह्यलं होतं."

"मंग काहून नाई दाबलं?"

"तुमी हो म्हनाची वाट पाहून राह्यली होती."

मागून बायकोनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. पिठाचा हात होता, सदरा पांढरा झाला.

"घे," मी म्हणालो.

पुढचे दोन आठवडे मी कसे काढले ते मलाच माहीत. मग एका सकाळी फोटो आला. पांढऱ्या बर्फात गोल, स्वच्छ भोक, त्यात काळं पाणी, आणि त्या पाण्यात उभी धरलेली एक काठी. काठीवर बर्फाच्या जाडीची लाल खूण, आणि खुणेशेजारी तिच्या हाताची वीत, हातमोजा काढून पसरलेली. बर्फ एक वीत आणि वर दोन बोटं होता. मी टेबलावर माझी वीत पसरली, दोन बोटं जोडली, आणि बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "पुरे होते ना एवढं?"

"पुरे होते," मी म्हणालो.

मग लेकीला लिहिलं, दहा पावलांवर अजून एक मार.