शिवराईचा काळेपणा शोधत उल्हासनगरपर्यंत

काळं झालेलं चकचकीत करून देणारे गल्लोगल्ली सापडतात. मी कात्रपच्या आमच्या घरून स्कूटर काढली ती चकचकीत झालेलं पुन्हा काळं करून देणारा माणूस शोधायला. वेडेपणाच, पण घरी बसवत नव्हतं.

झालं असं, की बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. दुसरा डोळाही पिकलेलाच, त्याने धड दिसत नव्हतं. पट्टी उद्या सकाळी निघणार आणि बाबांनी बजावून ठेवलेलं, "पट्टी निघाली की आधी माझ्या शिवराया आण." शिवराई म्हणजे मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं. अंबरनाथच्या कंपनीत असताना भंगारवाल्यांच्या ढिगातून त्यांनी एकेक निवडलेली. इकडे धनत्रयोदशी तोंडावर आलेली. आईने देवांच्या भांड्यांबरोबर नाण्यांचा अख्खा डबा चिंच-मीठ लावून तारेच्या घासणीने घासला.

"एवढं ऑपरेशन करून काळीकुट्ट नाणी बघायची का त्यांनी?" ती कौतुकाने म्हणाली. नाणी गुलाबी झाली होती. माझा चेहरा बघून तिने घासणी खाली ठेवली.

पालेगावच्या बाजूने जाणार असाल तर तोंडाला रुमाल बांधा, टॉवरच्या कामांची धूळ फार. अंबरनाथला शिवमंदिर बघाच. काळ्या दगडावरची नक्षी बघून मला रडू फुटलं. तिला कोणी घासायला गेलं नाही, म्हणून वाचली.

मंदिराजवळच बाबांचे नाणीमित्र जोगळेकरकाका राहतात. त्यांनी भिंगातून एकच नाणं पाहिलं.

"कशाने घासलं?"

"चिंचेने."

"अगं, तो काळा थर म्हणजे नाण्याची कातडी. अगदीच माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवायचं, मऊ फडक्याने टिपायचं. घासायचं नाही. खरं तर हातच लावायचा नाही."

"आता काय करू?"

"आता काही नाही."

तरी उल्हासनगर गाठलं. तिथलं दालपकवान चुकवू नका. मी अर्धी प्लेट टाकून उठले. पॉलिशच्या दुकानातले सिंधी शेठ म्हणाले, "टेन्शन नको घेऊ बेटा, हम तो नई मूर्ती को सौ साल पुराना बना देते हैं." त्यांनी एक नाणं कसल्याशा पाण्यात बुडवलं. ते कलप लावलेल्या मिशीसारखं काळं झालं.

"आणि अक्षरं?"

"वो तो घिस गया ना. मशीनने नवीन टाकू का?"

मी नाणं परत घेतलं. पैसे त्यांनी घेतले नाहीत, त्याने आणखीच वाईट वाटलं.

सकाळी पट्टी निघाली. घरी येऊन बाबांनी एकेक नाणं डोळ्याजवळ नेलं, मग खिडकीकडे धरलं.

"इथे 'श्री राजा शिव' होतं. काहीच लागत नाही गं. ऑपरेशन फुकट गेलं."

मी काही बोलायच्या आत आईने डोळ्यांच्या ड्रॉप्सची बाटली त्यांच्या हातात दिली. "वाचा."

बाबांनी लेबलवरचा मुंगीएवढा मजकूर वाचला, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. मग बाटली खाली ठेवली आणि आईकडे पाहिलं.

"डोळे चांगले आहेत हो," आई म्हणाली. "मीच घासली."

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी डबा बंद केला आणि माळ्यावर टाकायला सांगितला.

जुनी नाणी साफ करावीत का, असं शोधत इथे आला असाल, तर नका करू. रस्ता बरा आहे, खाणं उत्तम आहे, पण गेलेला काळेपणा कात्रप, अंबरनाथ, उल्हासनगर, कुठेच मिळत नाही. तुळशीच्या लग्नाला आईने दिवाळीत घासायचे राहिलेले देव काढले. चिंच भिजवली नाही. नुसत्या पाण्यात बुडवून तिने एकेक देव मऊ फडक्याने टिपला आणि काळाच परत देव्हाऱ्यात ठेवला.